वाटण एक, पातेली दोन : एक खाणारा, एक न खाणारा अशा जोडप्यांसाठी

"मला चालतं," असं तो म्हणाला तेव्हा माझ्या ताटात भरलेला बांगडा होता आणि त्याच्या ताटात पनीर. आमची ती दुसरी भेट. मी वेंगुर्ल्याकडची, तो पुण्यातला, ज्याच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही असा. त्या 'चालतं'वर मी सात महिने निर्धास्त होते. मग एकदा गावाहून परत येताना आईनं बांधून दिलेली सुकटीची पुडी मी त्याच्या फ्रीजमध्ये ठेवली, आणि चालतं म्हणजे नक्की कुठपर्यंत चालतं ते त्या रात्री समजलं. टेबलापलीकडे चालतं. फ्रीजमध्ये नाही.

आमच्या लग्नाला आता अकरा वर्षं झाली. सुकट अजून घरात आहे, नवराही आहे. मधल्या काळात मैत्रिणी, भाचरं, ऑफिसातली पोरं 'तुमचं कसं जमलं?' म्हणून विचारत आली. प्रत्येकाला चहावर सांगितलेलं इथे क्रमानं लिहिते.

आधी एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी साधारण १७ टक्क्यांनी आपण मासे-मटण कधीच खात नाही असं सांगितलं. बायकांमध्ये हेच प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे तो खातो आणि ती खात नाही अशा जोड्या आपल्याकडे मुबलक असणार, आमच्यासारखी उलटी जोडी जरा कमी. साधारण त्याच काळात प्यू रिसर्च सेंटरनं केलेल्या पाहणीत ३९ टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. दोन्ही पाहण्यांचे प्रश्न आणि वयोगट वेगळे, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नये. पण 'मी शाकाहारी आहे' आणि 'मी कधीच खात नाही' या दोन वाक्यांच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे, आणि आपल्या ओळखीतली निम्मी माणसं त्याच जागेत राहतात.

पायरी १ : 'चालतं' म्हणजे काय, ते विचारून घ्या

लग्नाच्या बायोडेटात आहाराचा एक रकाना असतो आणि त्यात एकच शब्द लिहितात. तो शब्द जवळजवळ निरुपयोगी आहे. आपल्याकडे माणसं अशी असतात : अंडं चालतं पण चिकन नाही. केकमधलं अंडं चालतं, आम्लेट नाही. बाहेर चालतं, घरी नाही (ही जमात सर्वांत मोठी). घरी चालतं, पण आईवडील गावाहून आले की नाही. मासे चालतात, मटणाचा वास सहन होत नाही. रस्सा चालतो, पीस नको. सोमवार, गुरुवार, संकष्टी सोडून सगळं चालतं. आणि काहींना स्वतः खाणं चालत नाही, पण समोरच्यानं कोंबडीची तंगडी ओरपली तरी काहीच वाटत नाही.

म्हणून 'व्हेज की नॉनव्हेज' हा प्रश्न सोडा. त्याऐवजी हे विचारा : मी तुझ्यासमोर खाल्लं तर चालेल? एकाच टेबलावर, की एकाच ताटलीतून काढलेलं? घरात शिजवलं तर? तुझ्या भांड्यात? फ्रीजमध्ये कच्चं ठेवलं तर? मी खाऊन आल्यावर लगेच जवळ बसले तर? तुझ्या आईला कळलं तर? यातल्या ज्या प्रश्नाला उत्तर देताना माणूस थांबतो, तिथे त्याची रेघ आहे. आमच्या वेळी मी पहिला प्रश्नसुद्धा विचारला नव्हता, त्यानं आपणहून 'चालतं' म्हटलं आणि मी खूश झाले.

हे सगळं एका बैठकीत उलटतपासणीसारखं विचारू नका. दोन-तीन भेटींत, जेवता जेवता निघतं. न खाणाऱ्यानं कारणही सांगून टाकावं, कारण कारणावर पुढचं बरंच ठरतं. एखाद्याला लहानपणी कोंबडी कापताना बघून शिसारी बसलेली असते, एखाद्यानं माळ घातलेली असते, कुणाला प्राण्यांचा प्रश्न मनापासून छळतो, कुणाला नुसती सवय नसते. सवय नसलेला माणूस वासाला रुळतो. ज्याला प्राण्याचा जीव दिसतो, त्याला तुमच्या ताटातही तो दिसणार, आणि ते तुम्ही कितीही प्रेमानं समजावलंत तरी बदलत नाही.

पायरी २ : कधी सांगायचं, आणि काय कबूल करायचं नाही

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत सांगून मोकळं व्हावं. अ‍ॅपवर भेटत असाल तर प्रोफाइलमध्येच लिहा, आणि लिहिताना चिमटे काढू नका. 'गवत खाणाऱ्यांनी दूर राहा' किंवा 'मेलेलं खाणारे नकोत' असं लिहिणारी माणसं आहाराबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त सांगत असतात.

प्रेमाच्या भरात दोन वाक्यं तोंडातून निघतात, ती आवरा. एक, "तुझ्यासाठी मी सोडून देईन." दुसरं, "लग्नानंतर मी पण खायला लागेन." माझ्या एका चुलतभावानं पहिलं वाक्य उच्चारलं आणि पुढची तीन वर्षं तो ऑफिसच्या कँटीनमध्ये चोरून बुर्जी खात होता. बायकोला शर्टाच्या वासावरून कळलं. तिला अंड्याचं दुःख झालं नाही, तीन वर्षांचं झालं. सोडायचंच असेल तर स्वतःसाठी सोडा आणि आधी सहा महिने सोडून बघा, मग जाहीर करा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती कुठल्याच पायरीत माफ नाही. न खाणाऱ्याला न सांगता खाऊ घालणं. 'त्याला कळलंपण नाही, आवडीनं खाल्लं' अशा गमतीच्या गोष्टी आपल्याकडे हसत सांगितल्या जातात. ही गंमत नाही. "एकदा चाखून तर बघ" हे वाक्यही दोनदा बोलून झालं की थांबवावं. तिसऱ्यांदा तो आग्रह राहत नाही, दामटणं होतं.

पायरी ३ : हॉटेल निवडताना

'शुद्ध शाकाहारी' पाटीच्या हॉटेलात जाणं सगळ्यांत सोपं, आणि सुरुवातीच्या भेटी तिथे कराव्यात. पण कायम तिथेच जाऊ नका, नाहीतर खाणारा माणूस मित्रांबरोबर वेगळा जेवायला लागतो आणि त्याच्या आवडीचा अर्धा भाग तुम्हाला कधी दिसतच नाही. मधला मार्ग म्हणजे ज्या खानावळीत शाकाहारी ताटाला मान आहे अशी जागा. मालवणी खानावळ याबाबतीत उत्तम. एकाला कोंबडी-वडे, दुसऱ्याला काळ्या वाटाण्याचं सांबार आणि तेच वडे. वडे दोघांचे, सोलकढी दोघांची, टेबल भरलेलं. फक्त वडे कुठल्या तेलात तळतात ते विचारून घ्या. विचारायला लाजायचं नाही, आणि हे खाणाऱ्यानं विचारावं. आपल्यासाठी समोरचा वेटरला थांबवून तेलाची चौकशी करतोय, याची गोडी गुलाबाच्या फुलापेक्षा जास्त टिकते.

कोल्हापूरकडे एक जुना घोळ आहे. "पीस नको असेल तर नुसता पांढरा रस्सा घ्या" असं यजमान भाबडेपणानं म्हणतात. पांढरा रस्सा मटणाच्याच पाण्यात होतो. पीस काढला म्हणून तो शाकाहारी होत नाही.

परदेशी पदार्थांत तर अशा जागा पुष्कळ. थाई करीत आणि सॅलडमध्ये फिश सॉस, जपानी सूपच्या पाण्यात वाळवलेला मासा, किमचीत बहुतेक वेळा माशाचं किंवा कोळंबीचं काहीतरी, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही, वूस्टर सॉसमध्येही तेच. मूस, पन्ना कोटा, मार्शमेलो यांत जिलेटिन असू शकतं. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. आपल्याकडच्या पाकिटांवर हिरवा ठिपका असला की प्रश्न मिटतो, मांसाहारी वस्तूवर आता तपकिरी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण असतो, म्हणजे रंग नीट न ओळखता येणाऱ्यालाही फरक दिसतो. पण प्लेटमध्ये आलेल्या पदार्थावर कुणी ठिपका काढत नाही. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पोरापोरींनी 'व्हेज' म्हणून थांबू नये. मासा नको, सूपचं पाणीही भाज्यांचंच हवं, असं फोडून सांगावं.

समोरची व्यक्ती जैन असेल तर वेळ आधी बघा. चोविहार पाळणारं माणूस सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्यामुळे नऊ वाजताचं कँडललाइट डिनर म्हणजे तुम्ही जेवणार आणि ती पाणीही न पिता बघत बसणार. दुपारी भेटा. मुंबईत कच्च्या केळ्याची जैन पावभाजी गाडीवरसुद्धा मिळते. व्हीगन असेल तर उलट कोकणी शाकाहारी जेवण हा हमखास तोडगा : नारळाचं दूध, उसळी, आमसुलं, तांदळाची भाकरी. दूध-तुपाचा प्रश्नच फार येत नाही. फक्त वरणावर तूप सोडणारा हात वेळेवर धरावा लागतो.

पायरी ४ : कॅलेंडर समोर ठेवा

पावसाळ्यात प्रेमात पडलेल्यांना मी नेहमी सावध करते. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, पाठोपाठ श्रावण येतो. या दिवसांत मासेखाऊ माणूस गरीब वाटतो. त्याची खरी ओळख नारळी पौर्णिमेनंतर होते, आणि घट्ट श्रावण पाळणारा असेल तर गणपती गेल्यावर.

दोघांनी आपापले वार एकमेकांना सांगावेत. माझ्या माहेरी सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी), बाकी दिवस वशाट (मासे-मटण). नवऱ्याकडे रोजच शिवराक, पण एकादशीला तेही नाही. हे लिहून भिंतीवर लावल्यावर लक्षात आलं की भांडण्याजोगे दिवस आठवड्यात पाचच उरतात. गोव्यात ख्रिस्ती घरात नातं जुळत असेल तर लेंटमधले शुक्रवार विचारून घ्या. त्या दिवशी मांस टाळतात, मासे चालतात. आणि कोकणात, आगरी-कोळी वस्त्यांत काही घरी गौरीला मांसाहारी नैवेद्य असतो. शाकाहारी घरातून आलेल्या सुनेला किंवा जावयाला हे आधी सांगितलेलं नसेल तर ऐन सणात तोंड कसनुसं होतं, आणि यजमानांना तो देवीचा अपमान वाटतो. खाऊ नका, पण नाक मुरडू नका. त्या घरात ती पूजा आहे.

पायरी ५ : वास, चुंबन आणि अ‍ॅलर्जी

हा भाग लोक चोरून विचारतात, म्हणून उघड लिहिते. मासे खाल्ल्यावर दात घासून, गुळण्या करून, हात लिंबानं धुऊन मगच जवळ जायचं, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मोडण्यासारखं काही नाही. लसणीचं मात्र ब्रशनं भागत नाही. लसणीतलं गंधकयुक्त द्रव्य रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येत राहतं. जेवतानाच दूध, कच्चं सफरचंद किंवा पुदिना खाल्ला तर तो वास बराच कमी होतो. पुदिन्याची चटणी ताटात डावीकडे असते ती उगीच नाही, असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज.

अ‍ॅलर्जी हा वेगळा आणि गंभीर विषय. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला 'थोडी चालेल' नसतं. शेंगदाण्याचं तर मराठी स्वयंपाकात सांगायलाच नको, भाजीत कूट, चटणीत कूट, उपासाच्या खिचडीत कूट. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेंगदाणे खाल्ल्यावर लाळेत त्यातलं अ‍ॅलर्जीचं प्रथिन सापडलं होतं. नुसत्या ब्रशवर विसंबण्यापेक्षा काही तास जाऊ देणं आणि मध्ये शेंगदाणे नसलेलं एक जेवण होणं जास्त भरवशाचं, असा त्याचा निष्कर्ष. जोडीदाराला अशी तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर भेटीच्या दिवशी तुम्हीही शेंगदाणे खाऊ नका. आणि तिच्याकडचं औषध पर्समध्ये कुठल्या कप्प्यात असतं ते माहीत करून घ्या.

पायरी ६ : दोन्हीकडच्या घरी

नियम एकच : आपल्या आईवडिलांना आपण सांगायचं. जोडीदाराला तोंडघशी पाडायचं नाही. आमच्या माहेरी पहिल्यांदा आला तेव्हा मी फोनवर नुसतं "तो खात नाही" एवढंच सांगितलं होतं. आईच्या दृष्टीनं हा घरावर पडलेला बॉम्ब होता, जावई येणार आणि कोंबडं नाही? ती दोन दिवस अस्वस्थ होती, मला मेसेजवर मेसेज. तेव्हा मला कळलं की नकार देऊन यजमानाचं समाधान होत नाही, त्याला काहीतरी करायला द्यावं लागतं. मी परत फोन केला : "त्याला तुझ्या हातची ओल्या काजूची उसळ खायचीय." बस. आई दुसऱ्या दिवशी काजू सोलून बोटं काळी करून बसली आणि जेवणात कोंबडीचा विषयच निघाला नाही. तर कुणाच्याही घरी जाताना 'हे नको' सांगितलं की लगेच 'हे मात्र हवं' सांगा. पिठलं-भाकरी का होईना, नाव घेऊन मागा.

उलट बाजूनं, खाणाऱ्यानं शाकाहारी सासुरवाडीत 'आज काही खास नाही वाटतं' असा चेहरा करू नये, अळूच्या फदफद्याचं मन लावून कौतुक करावं आणि परतताना कोपऱ्यावरच्या गाडीवर थांबायचंच असेल तर शेजारच्या काकूंच्या नजरेच्या टप्प्यात थांबू नये.

देशावरच्या घरांना हे सगळं नवीन नाही. आजोबा माळकरी, वर्षाला वारी, आणि नातवंडं मटणावर ताव मारणारी अशी घरं पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी. तिथे मटणाची चूल परसात तीन दगडांवर मांडतात, पातेलं वेगळं, ते पातेलं घरात येत नाही, आणि बऱ्याचदा शिजवायला पुरुष बसतात. आजोबा ओसरीवर बसून हरिपाठ म्हणतात. कुणी कुणाला सुधारायला जात नाही.

आता कडू भाग. 'आमच्यात चालत नाही' हे वाक्य कधी खरंच अन्नाबद्दल असतं आणि कधी जातीबद्दल. ओळखायचा एक साधा मार्ग आहे. तुम्ही स्वच्छ शाकाहारी स्वयंपाक करून वाढलात, आणि तरी तुमच्या हातचं खायला लोक कचरत असतील, किंवा तुम्ही सगळं सोडून दिलंत तरी विरोध तसाच असेल, तर प्रश्न माशांचा कधीच नव्हता. मग पातेली वेगळी करून काही होणार नाही. तिथे तुमच्या जोडीदारानं आपल्या घरच्यांशी त्या खऱ्या विषयावर बोलायला हवं, आणि तो बोलत नसेल तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालेलं आहे.

पायरी ७ : एका छताखाली

भाड्यानं घर बघताना घरमालकाला आणि सोसायटीला सुरुवातीलाच विचारा. मुंबई-पुण्यात 'फक्त शाकाहारी' ही अट तोंडी सांगतात, करारात दिसतेच असं नाही, आणि डिपॉझिट दिल्यावर वॉचमनकडून कळते. आम्हाला एक घर खिडकीतून आलेल्या बोंबलाच्या वासामुळे सोडावं लागलं. तो बोंबील आमचा नव्हताच, वरच्या मजल्याचा होता, पण संशयित आम्ही.

स्वयंपाकघराचं आधी शास्त्र, मग मन. स्टील आणि काच वास धरत नाहीत, नीट घासली की झालं. लाकूड, रबर, प्लॅस्टिक आणि बिडाचा तवा धरतात. बिडाच्या तव्यावर तेल पुन्हापुन्हा तापून जो काळा थर बसतो, त्याच्याबरोबर वास मुरतो. म्हणून वेगळं ठेवायचं ते एवढंच : एक तवा, एक विळी किंवा सुरी-पाट, मिक्सरचं एक भांडं झाकणासकट, कुकरची एक जादा रिंग, आणि घासणी. कुकरच्या रिंगेचं कुणी सांगत नाही. मटण शिजवलेल्या रिंगेवर दुसऱ्या दिवशी वरणभात लावा, मग बघा. घासणी तर सगळ्या भांडणांचं मूळ. आमच्याकडे हिरवी त्याची, पिवळी माझी, आणि कामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी हे सांगितलेलं आहे.

हे झालं शास्त्र. पण समोरच्याला स्टीलचं पातेलंही वेगळं हवं असेल तर वाद न घालता वेगळं आणा. दोन पातेली आणि दोन डाव एवढ्या किमतीत आयुष्यभराचा एक वाद विकत मिटतो.

वासाचं कारण कळलं की उपायही कळतो. समुद्राच्या माशांच्या अंगात एक द्रव्य असतं, मासा शिळा होत जातो तसं जिवाणू त्याचं ट्रायमिथाईलअमीन करतात, आणि आपल्याला जो माशाचा वास म्हणून कळतो तो मुख्यतः याचा. हे द्रव्य अल्कधर्मी, म्हणून आंबट लागलं की बांधलं जातं आणि उडत नाही. कोकणात माशाला आगळ (कोकमाचा आंबट रस), चिंच किंवा लिंबू चोळून ठेवतात त्यामागे हे आहे. तर : मासे ताजे आणा, आणल्या आणल्या साफ करा, मीठ-हळद-आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा. तवा तापायच्या आधी खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट लावा, नंतर नाही. आमटी कमी वास करते, तळण जास्त, आणि सुकं भाजणं सगळ्यांत जास्त. सुकट-बोंबील मी गॅलरीत इंडक्शनच्या शेगडीवर भाजते. परसातली तीन दगडांची चूल, नव्या घरातली. कोळंबीची सालं आणि खवलं त्याच रात्री बाहेर जायला हवीत. घंटागाडी सकाळी येत असेल तर पिशवीत घट्ट बांधून तोवर फ्रीझरमध्ये ठेवा. कच्चं मांस-मासे फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, म्हणजे पाणी ठिबकून खालच्या भाजीवर पडत नाही. सुके मासे काचेच्या घट्ट बरणीत. ती ऐतिहासिक पुडी आज अशाच बरणीत आहे.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची युक्ती. दोन वेगळे स्वयंपाक करायला गेलात तर महिनाभरात थकाल आणि एकमेकांवर चिडाल. वाटण एकच करा. कांदा-खोबरं भाजून, धणे-मिरे-लवंग-मिरची घालून एकदाच वाटा, आणि दोन पातेल्यांत निम्मं निम्मं घाला. एकात काळे वाटाणे, अळंबी किंवा फणसाची कुयरी, दुसऱ्यात कोंबडी. आधी शाकाहारी पातेलं पूर्ण करून बाजूला झाकून ठेवा, मग दुसरं चढवा, डाव वेगळा. तळणाचंही तसंच. सुरमईला लावता तोच मसाला, तीच रवा-तांदूळपिठी, सुरणाच्या, वांग्याच्या किंवा निरफणसाच्या कापांना लावा. निरफणसाची कापं कुरकुरीत झाली की माझ्या ताटातल्या सुरमईकडे कुणी बघत नाही, उलट मीच त्याच्या ताटात हात घालते. दोघं एकाच चवीचं जेवतो, एवढ्यानं जेवणाच्या टेबलावर एकटं वाटत नाही. (जैन जोडीदार असेल तर हे वाटण चालणार नाही, कांदा-लसूण काढून ओल्या खोबऱ्याचं करा.)

पायरी ८ : शिजवणार कोण

ज्याला खायचंय त्यानं शिजवायचं, साफ करायचं आणि तवाही त्यानंच घासायचा. एवढं साधं आहे, पण प्रत्यक्षात शाकाहारी सून मटण शिजवायला शिकते, आणि मांसाहारी सून चोरून ऑर्डर करायला. बदलते ती बहुतेक वेळा मुलगी. लग्नाआधी हा प्रश्न सरळ विचारा : 'तुझ्या घरी रविवारचं मटण कोण करतं आणि मी आल्यावर कोण करेल?' उत्तरात 'बघू' आलं तर बघून घ्या. स्वयंपाकाला मावशी ठेवणार असाल तर त्यांनाही विचारा, अनेकजणी मासे-मटणाला हात लावत नाहीत, आणि त्यांचाही तो हक्क आहे.

पायरी ९ : मुलं

हे ठरवायला मूल होईपर्यंत थांबू नका, कारण गरोदरपणातच दोन्हीकडचे सल्ले सुरू होतात. एकीकडून "बाळासाठी तरी अंडं खा", दुसरीकडून "या दिवसांत तरी सोड". तेव्हा डॉक्टरांचं ऐकावं. बी-१२ नैसर्गिकरीत्या मुख्यतः प्राणिज अन्नातूनच मिळतं, दूध-दह्यातून थोडं येतं, त्यामुळे शाकाहारी बाईनं तपासणी करून घ्यावी आणि व्हीगन असेल तर पूरक गोळी लागतेच. ही गोष्ट तत्त्वाची नाही, रक्ताच्या अहवालाची आहे.

मुलांसाठी तीन वाटा दिसतात : घरात सगळ्यांसाठी शाकाहार आणि बाहेर मोकळीक, लहानपणापासून दोन्ही, किंवा मोठं झाल्यावर तुझं तू ठरव. तिसरी वाट ऐकायला उदार वाटते, पण तोवर ताटात काय वाढायचं हे कुणीतरी ठरवतंच, म्हणजे ती पहिलीच वाट असते. आम्ही दुसरी घेतली. एक अट मात्र घातली, मुलीसमोर एकमेकांच्या ताटाबद्दल 'शी' म्हणायचं नाही. आणि शाळेचा डबा शाकाहारीच, कारण बऱ्याच शाळांचा तसा नियम असतो आणि त्यावरून मुलांची चिडवाचिडवी होते.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. बांगडा खाते, मटण खात नाही, निरफणसाची कापं दोघांच्याही ताटातली पळवते, आणि वेंगुर्ल्याला गेली की आजीला विचारते, "बाबांची उसळ झाली का?"